सोळाव्या वर्षी सहावीत!

गेल्या दिवाळीत लेस्टरहून मावशीचा फोन आला, की चिरंजीव एका निवासी शाळेत 'सहावी'च्या प्रवेशाची मुलाखत देणार आहेत. आई उडालीच. "अगं, सोळा वर्षांचा घोडा तो, आणि सहावीत?"

वाचकांचाही असा घोटाळा होऊ नये म्हणून खुलासा करते. इंग्लंडात पूर्वी माध्यमिक शाळेतल्या वर्गांना 'फॉर्म' म्हणत. अकराव्या वर्षी पहिला फॉर्म, सोळाव्या वर्षी सहावा. आणि हा सहावा मात्र दोन वर्षांचा! बाकीची नावे बदलली, 'सिक्स्थ फॉर्म' तेवढा टिकला. थोडक्यात, आपली अकरावी-बारावी. बहुधा तीनच विषय घ्यायचे, ते खोलात शिकायचे आणि ए-लेव्हलची परीक्षा द्यायची. निवासी शाळा या टप्प्यावर बाहेरच्या मुलांना थोड्या जागा देतात. फी अवाच्या सवा. त्यात १ जानेवारी २०२५ पासून तिच्यावर २० टक्के व्हॅट बसला. मात्र पालकांची मिळकत पाहून सवलत देणाऱ्या शाळा आहेत. ईटनमध्ये तर सरकारी शाळांतील मुलांसाठी ऑर्वेलच्या नावाने शिष्यवृत्ती आहे. (हा ऑर्वेल १९०३ साली आपल्या बिहारात, मोतिहारीला जन्मला, हे जाता जाता.)

मी इंग्रजी वाङ्मयाची विद्यार्थिनी, म्हणून तालीम घेण्याचे काम माझ्याकडे आले. रात्री दहाला मी परीक्षक होऊन बसे. तिकडे तेव्हा दुपारचे साडेचार. पहिल्या दिवशी त्याने पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणून दाखवले. मला कौतुक वाटले. आपल्याकडे न अडखळणारा तो हुशार!

पण अशा मुलाखतीत त्या विषयाचे शिक्षक कधी एखादी न वाचलेली कविता, कधी एखादे गणित पुढे ठेवतात आणि काय दिसते ते विचारतात. मी एक कविता दिली. तो गप्प. मग मीच गाइडात वाचलेला अर्थ सांगितला. त्याने तो उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, आमच्या सरांनी विचारलं, हे कुणाचं मत? तुझं काय?" मी ओशाळले. तीन वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

मग रीत बदलली. दोघांनीही न वाचलेली कविता घ्यायची, मनात येईल ते मोठ्याने बोलायचे. मी हरकत घेतली, तर त्याने आपले म्हणणे राखायचे किंवा "थांब, पुन्हा बघतो" म्हणायचे. यात माझीच जास्त दमछाक झाली.

एक प्रश्न मात्र सुटेना. घर सोडून वसतिगृहात का यायचे? तो म्हणे, "स्वावलंबनासाठी." ऐकताक्षणीच खोटे वाटे. एका संध्याकाळी रस्त्यावरून चालता चालता तो फोनवर बोलला, "काय सांगू ताई? बाबांची रातपाळी. ते दिवसा झोपतात, घरात मोठ्याने वाचतासुद्धा येत नाही. मी वाचनालय बंद होईपर्यंत तिथंच बसतो. पण हे तिथं सांगितलं तर बाबांना कमीपणा नाही का?"

मला उत्तर सुचेना. आधी काकांनाच विचार, एवढे म्हटले. त्याला धीर करायला चार दिवस लागले. काका म्हणाले, "सांग की. रातपाळी म्हणजे काय चोरी आहे?"

मुलाखतीत हाच प्रश्न आला, त्याने जे होते ते सांगितले. कवितेत तिसऱ्या ओळीला अडला आणि तसे कबूल केले. मग बाईंनी बाकीची कविता बाजूला ठेवून त्या एका ओळीवरच त्याला बोलते केले. घरी येऊन म्हणाला, "बहुतेक गेलं."

पत्र आले. जागा आहे, फीमाफीही आहे, पण सशर्त. उन्हाळ्यातल्या जीसीएसईत ठरलेल्या श्रेणी मिळायला हव्यात, आणि निकाल ऑगस्टमध्ये. तोवर रात्री दहाचा फोन बंद आहे. मावशी सांगते, स्वारी अजून वाचनालय बंद झाल्यावरच घरी येते.