मूठ आवळा, पण सावकाश

पहूरकडे कपाशी वेचताना बोटे दिवसभर चालतात. मूठ मात्र पूर्ण आवळली जात नाही. उतारवयात दादी-नानांना भरली बादली उचलवत नाही, ती याच मुठीपायी. 2015 साली 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या अभ्यासात मूठ दुबळी असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले.

ग्रिपरची एक दांडी अंगठ्याच्या मुळाशी टेकवा, दुसरी चारही बोटांच्या मधल्या पेरांवर. आवळा, क्षणभर थांबा, तीन मोजत सोडा. पोरं नेमकी सोडतानाच घाई करतात. निम्मा व्यायाम तिथेच वाया! श्वास रोखू नका, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. दहा वेळा, दिवसाआड. कोपर दुखले तर सुटी. शेवटी बोटांवर रबर चढवून पंजा उघडायचा.