मेट्रो जमिनीखाली, हिशेब वरती!

बॉस, एक साधा हिशेब करून बघा. मेट्रो-३, म्हणजे कुलाबा-वांद्रे-सीप्झ भुयारी लाइन. लांबी ३३.५ किलोमीटर, सुधारित खर्च ३७,२७६ कोटी. किलोमीटरला ११०० कोटींच्या वर! आपली मोनोरेल जवळपास २० किलोमीटर, खर्च साधारण २,७०० कोटी. किलोमीटरला १३५ कोटी. बांधकामाची वर्षं वेगळी, भाव वेगळे, मान्य. तरी फरक आठपट!

मग एवढा पैसा जमिनीत का पुरायचा? लंचटाइमला हा वाद निघाला की गिरगावकर म्हणून सगळे माझ्याकडे बघतात.

मी म्हणतो, आधी आमच्या जगन्नाथ शंकरशेट रोडवर उभं राहून बघा. दोन्हीकडे इमारती, मधे बस, टॅक्सी, हातगाड्या. रस्त्यावर ट्राम आणायची तर लेन गेली. खांबांवरून गाडी न्यायची तर ती लोकांच्या गॅलरीसमोरून जाणार. आणि चौपाटीला निघालेले उंच गणपती काय वाकून जाणार? ट्राम मुंबईत होती की, १८७४ ते १९६४. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनसच. पण तेव्हा रस्त्यावर एवढ्या गाड्या कुठे होत्या?

आणि स्वस्त मोनोचं काय झालं? २०१४ला चेंबूर-वडाळा, २०१९ला सात रस्त्यापर्यंत. छोट्या गाड्या, कमी फेऱ्या, त्यात मोठ्या ऑफिसांपासून लांबचा रूट. प्रवासी मिळेनात. सप्टेंबर २०२५मध्ये तर सुधारणांसाठी सेवाच थांबवली. रिकामी धावणारी गाडी स्वस्त कशी म्हणायची? किलोमीटरमागे नाही, प्रवाशामागे किती खर्च आला ते विचारा. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून कफ परेडपर्यंत धावतेय. गिरगावात बसलं की थेट बीकेसी, गाडी बदलायची भानगड नाही. म्हणून माझं मत भुयारीला.

पण एक खर्च या कोटींमध्ये नीट दिसत नाही. बोगदा खाली असला तरी स्टेशनचा दरवाजा वरच लागतो. त्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती पाडल्या. शेकडो कुटुंबांना खोल्या सोडाव्या लागल्या. त्याच परिसरात घर द्यायचं ठरलं, ठीक. पण चावी हातात पडेपर्यंत शेजार सुटतो, मुलांची शाळा लांब पडते, म्हाताऱ्यांचा नेहमीचा कट्टा जातो. मेट्रोने आमची वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, त्यासाठी यांची वर्षं गेली.

तेव्हा पुढच्या लाइनचं बजेट पेपरात आलं, की किलोमीटरचा रेट वाचून थांबू नका. रोज किती माणसं बसणार आणि किती घरं उठणार, हेही विचारा. उठणाऱ्यांची नवी घरं कुठल्या तारखेला तयार होणार, हे तर सगळ्यात आधी!