साठीनंतर डीजे व्हायचे तर…

कोल्हापुरात ‘डीजे’ हा शब्द उच्चारला की ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ते स्वाभाविकच आहे. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री महाद्वार रोडलगत ज्यांचे घर आहे, त्यांना तावदानांची थरथर आणि छातीत उतरणारा ‘डॉल्बी’चा ठोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशा गावात उतारवयातील छंद म्हणून डीजेगिरी सुचविणे हे जखमेवर मीठ चोळण्यासारखे वाटेल. तथापि भिंतीएवढे स्पीकर ही एक गोष्ट आणि डीजेची कला ही दुसरी. समोरच्या माणसांचे चेहरे पाहून योग्य वेळी योग्य गाणे लावणे आणि एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद नेणे, एवढाच या कलेचा गाभा. भजनी मंडळात पुढचा अभंग कोणता घ्यावा हे बैठकीचा रंग पाहून ठरविणारे बुवा तेच करीत आले आहेत. १९५२पासून रेडिओवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकत गाण्यांचे क्रम वहीत टिपून ठेवणारी पिढी तर या कामासाठी घडलेलीच आहे.

जपानमधील सुमिको इवामुरो यांनी हे सिद्ध केले. तोक्योत चिनी पद्धतीचे उपाहारगृह चालविणाऱ्या या बाईंनी वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी डीजेच्या शाळेत नाव घातले. वडील जॅझ वाद्यवृंदात ड्रम वाजवीत, त्यामुळे ताल घरचाच होता. दिवसा उपाहारगृह आणि रात्री क्लब असा त्यांचा क्रम सुरू झाला. २०१८ साली, वयाच्या ८३व्या वर्षी, जगातील सर्वांत वयोवृद्ध क्लब डीजे म्हणून त्यांची गिनीज बुकात नोंद झाली. पोलंडमध्ये वॉर्सा येथे विर्जिनिया श्मिट यांनीही निवृत्तीनंतर ज्येष्ठांसाठी गाणी लावता लावता हाच मार्ग धरला. कोल्हापूरच्या आजी-आजोबांनी रात्री क्लबात जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्येष्ठ नागरिक संघाचा मेळावा, सोसायटीतील कोजागरी, नातीचे बारसे ही व्यासपीठे आपल्याकडे आहेतच.

शिकायचे ते मुख्यतः लयीचे. पंधरा सेकंदांतील ठोके मोजून चौपट केले की गाण्याची मिनिटाची गती कळते. नाडी मोजण्याचीच ही रीत. जवळपास सारख्या गतीची दोन गाणी निवडायची, यंत्रावरील पट्टी सरकवून उरलेला फरक मिटवायचा आणि पहिले ओसरत असताना दुसरे वर आणायचे. मात्र गतीइतकाच तालही पाहावा लागतो. केरव्याला दादरा जोडला तर ऐकणाऱ्याचा पाय अडखळतो, हे ज्याने आयुष्यात कधी टाळ धरला आहे त्याला न शिकविता कळते. सुरुवातीस घरातील लॅपटॉप आणि एखादी विनामूल्य संगणकप्रणाली पुरते. पट्ट्या व बटणे असलेला कंट्रोलर गोडी लागल्यावर घ्यावा. बोटे आखडलेल्यांनी मोठ्या पट्ट्यांचे यंत्र पाहावे. शिकविण्यासाठी नातू किंवा वरातीत वाजविणारा गल्लीतील तरुण पुरेसा आहे. त्याच्याकडून यंत्र शिकावे आणि त्याला जुनी गाणी शिकवावी, हा सौदा दोघांनाही फायद्याचा.

मेंदूला यात चांगलेच काम मिळते. एका कानाला हेडफोन लावून पुढचे गाणे ऐकायचे, दुसऱ्या कानाने चालू गाणे, डोळे समोरच्या माणसांवर आणि हात पट्टीवर. यामुळे स्मृतिभ्रंश टळतो असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण तो केवळ संबंध होता, आणि डीजेगिरी त्या यादीत नव्हती. माणसांत मिसळण्याचे निमित्त मिळते, एवढा लाभ तरी निश्चित.

खरा धोका कानांना आहे. वयानुसार उंच स्वर आधीच क्षीण होत असतात, आणि श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोकाघटक मानला जातो. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक प्रचलित निकष असा : ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. मोबाइलवरील ध्वनिमापकाने साधारण अंदाज येतो. समोरच्याशी आवाज न चढविता बोलता आले पाहिजे, ही त्याहून सोपी कसोटी. नंतर कानात गुणगुण राहिली किंवा दडे बसले तर तो आवाज जास्त होता असे समजावे. त्रास टिकला तर कान तपासून घ्यावेत. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्यात संगीतासाठी वेगळी सोय आहे का, हे तज्ज्ञाला विचारावे. पेसमेकर बसविलेल्यांनी हेडफोन गळ्यात अडकवून छातीवर लोंबू देऊ नये. त्यात चुंबक असते, ते वीतभर दूर असावे. जमिनीवरील वायरी भिंतीकडेने चिकटपट्टीने बसवाव्या. पाय अडकून मोडलेले खुब्याचे हाड कोणत्याही छंदापेक्षा महाग पडते.

गाणी कोणती निवडावीत? माणसाला दहा ते तीस या वयातील आठवणी अधिक ठळक राहतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. कोल्हापूरकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. सुधीर फडके यांचा जन्म १९१९ साली येथलाच. १९७२चा ‘पिंजरा’ घ्या : दिग्दर्शक व्ही. शांताराम कोल्हापूरचे, गीतकार जगदीश खेबुडकर याच मातीतले. त्या वर्षी जे सतरा-अठरा वर्षांचे होते, ते आज सत्तरी गाठलेले आहेत. ढोलकीचा पहिला तुकडा वाजताच त्यांचे डोळे कसे चमकतात ते पाहावे.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर हा छंद शुश्रूषा करणाऱ्याच्याही उपयोगी पडतो. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की, संगीतावर आधारित उपचारांनी अशा रुग्णांची खिन्नता कमी होण्यास मदत होते. स्मरणशक्तीत फारसा फरक पडत नाही. तेव्हा अपेक्षा तेवढीच ठेवावी. दूरदर्शन संच बंद करून, मंद आवाजात, एका वेळी दोन-तीनच गाणी लावावीत. गाणी जोडण्याची हौस येथे बाजूला ठेवावी. दोन गाणी एकमेकांत मिसळली की रुग्ण गोंधळू शकतो. हाताने ठेका धरला, ओठ हलले, तर ते गाणे उद्याही लावावे. कधी एखाद्या गाण्याने डोळे भरून येतात, दिवंगत जोडीदाराची आठवण निघते. लगेच बंद करण्याची घाई करू नये, हात हातात घेऊन बसावे. अस्वस्थता वाढू लागली तर मात्र आवाज हळूहळू उतरवून दुसरे गाणे घ्यावे, आणि पहिल्यापुढे वहीत एक खूण करून ठेवावी.