गिऱ्हाइकाच्या निवडीचे गणित

मोसमाच्या आरंभी किती पोती भरावयाची, हे ठरविताना आपण गतवर्षीचा एकूण खप पाहतो. अंदाज चुकला तर भांडवल अडकते व माल किडीच्या तोंडी जातो. परंतु एकूण खप म्हणजे असंख्य गिऱ्हाइकांच्या निरनिराळ्या निवडींची बेरीज होय. ही निवडच मोजण्याचे शास्त्र अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी सिद्ध केले. त्याचा परिचय सभासद बंधुभगिनींस उपयुक्त वाटेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘बार्ट’ ही रेल्वे १९७२ साली सुरू झाली. कामावर जाण्यायेण्याच्या फेऱ्यांपैकी शेकडा १५ फेऱ्या तिने होतील, असा १९७३ चा अधिकृत अंदाज होता. तो एकंदर वाहतुकीवरून बांधलेला होता. मॅकफॅडन यांनी उलट वाट धरली. काही प्रवासी नमुन्यादाखल घेऊन प्रत्येकास कोणते मार्ग मोकळे आहेत, खर्च किती, वेळ किती, आणि त्याने अखेर काय निवडले, हे त्यांनी तपासले. त्यावरून लोक वेळेस किती मोल देतात आणि पैशास किती, हे काढता येते. माणसाच्या मनातील सर्व कारणे मात्र बाहेरच्यास दिसत नाहीत. म्हणून हे गणित निश्चिती न सांगता संभव सांगते. अशा संभवांवरून आलेला अंदाज शेकडा ६.३ होता, प्रत्यक्षात ६.२ आढळले. इतका मेळ बसण्यात दैवाचाही वाटा होता, असे मॅकफॅडन यांनीच नमूद केले आहे.

२००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व जेम्स हेकमन यांना विभागून मिळाले. हेकमन यांनी निराळा धोका दाखविला. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वेतनावरून सर्व स्त्रियांची मिळकत ठरविली, तर हिशेब चुकतो. कारण अल्प वेतन परवडत नाही म्हणून घरी राहिलेल्या स्त्रिया त्या नोंदीत येतच नाहीत. म्हणून प्रथम नोकरी करण्याचा संभव काढावा व त्याच्या आधारे वेतनाचा हिशेब दुरुस्त करावा, अशी त्यांची रीत आहे.

आपल्या खातेवहीतही हीच उणीव असते. माल नेणाऱ्याचे नाव तीत चढते. भाव ऐकून परत फिरलेला मनुष्य कोठेच लिहिला जात नाही. तेव्हा पेढीवर एक लहान वही निराळी ठेवावी. कोणी काय विचारले, कोणता भाव सांगितला, माल घेतला की नाही, एवढेच तीत टिपावे. विक्री का झाली, याइतकेच ती का झाली नाही हे जाणणे व्यापाऱ्यास हितावह आहे.