दगडांचं ब्युटी पार्लर

साध्या गारगोटीला आरशासारखी चमक आणायला काय लागतं? एक छोटी मोटर, महिनाभराचा वेळ आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती! पण एवढ्यावर भागत नाही. दगडावर दगड आपटू नये म्हणून मधे काहीतरी टाकावं लागतं. हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते मला आजोबांचे बारा दगड मशीनमध्ये घातल्यावर कळलं...

"टमरेल? एवढे पैसे घालून टमरेल आणलंस?"

आजीचं फारसं चुकलं नव्हतं. 'रॉक टम्बलर' आलाय असं मी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं आणि आमच्या घरात टम्बलर म्हणजे टमरेलच! खोक्यातून निघाले दोन रोलर, एक पिटुकली मोटर आणि एक रबरी डबा. डब्यात दगड, पाणी आणि कार्बोरंडमची भरड पावडर टाकायची, झाकण घट्ट बसवायचं, डबा रोलरवर आडवा ठेवायचा आणि बटण दाबायचं. बस्स! नदी जे काम वर्षानुवर्षं करते, ते हे मशीन महिन्याभरात उरकतं.

माझ्यासारख्या डेडलाइनवर जगणाऱ्या मुलीला हा छंद एकदम पटला. गिटार शिकायला प्रॅक्टिस लागते, जिमला सकाळी उठावं लागतं. इथे मशीन फिरणार आणि आपण मस्त झोपणार. असं मला वाटलं होतं.

दगड घरातच होते. आजोबा पाटबंधारे खात्यात होते. नाशिक, जळगाव, बुलडाणा, जिथे जिथे धरणाकालव्याचं काम निघेल तिथे त्यांची बदली. येताना खिशात एखादी गारगोटी असायचीच. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत सिलिका साचत गेली आणि अकीक, गारगोटी, जास्पर असे रंगीत दगड तयार झाले. आजोबांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे एकोणीस दगड होते. विसावा, मधाच्या रंगाचा, आजीच्या शिवणाच्या डब्यात. त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

एकोणीसपैकी बारा निवडले आणि मशीन सुरू केलं.

खडखड, धप्प, खडखड, धप्प

बारा दगडांनी डबा अर्धाही भरला नाही. म्हटलं, बरंय, ऐसपैस फिरतील. सात दिवस, सात रात्री घरभर 'खडखड, धप्प' चालू होतं. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर आत राखाडी रंगाची पेज. दगड धुतले आणि माझं तोंड उतरलं. प्रत्येक अकिकावर पांढऱ्या बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या. वरच्या ओरखड्यांसारख्या दिसत होत्या, पण त्या आत गेलेल्या चिरा होत्या. आणि पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक असलेला एक सुंदर दगड होता, त्याच्या सुया चक्क गायब! विरघळल्यासारख्या.

दोन्ही चुका माझ्याच. अकीक आणि गारगोटी मोह्सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर साधारण ७ वर येतात. त्या पांढऱ्या सुया म्हणजे झिओलाइट, त्याचा नंबर ३.५ ते ५.५. कार्बोरंडम ९ च्याही वर. कठीण आणि मऊ दगड एकाच डब्यात फिरवले की मऊ दगडाचं पीठ होतं. आणि डबा रिकामा असला की दगड एकमेकांवर घासत नाहीत, उंचावरून पडतात. दगड घासला गेला पाहिजे, आपटला नाही पाहिजे. सगळी गोम इथेच आहे.

मी आजीला काही बोलले नाही. ते बारा दगड टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवून दिले.

काका आणि मीडिया

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका आले. भांडायलाच आले होते. "अगं, आठ दिवस झोप नाही आम्हाला. वर काय गिरणी काढलीस काय?" मी निमूटपणे मशीन दाखवलं. दगड दाखवले. काकांनी चष्मा लावला, एक दगड उजेडात धरला आणि भांडण विसरले.

"हे तर निक आहेत! नुसते दगड टाकलेस?"

"हो. आणखी काय टाकायचं?"

"मीडिया!"

मी मास कॉम केलंय. मीडिया म्हणजे मला पेपर आणि चॅनेल एवढंच ठाऊक. काका तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात शॉपफ्लोअरवर होते. मशीनवरून निघालेल्या धातूच्या पार्टच्या धारदार कडा घालवायला तिथेही ते असेच फिरवतात. "पण पार्ट पार्टवर आपटला तर माल रिजेक्ट. म्हणून मधे सिरॅमिकचे तुकडे भरायचे. पार्टला पार्ट शिवताच कामा नये," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला स्कूटरवर बसवून ते बोहरी आळीत घेऊन गेले. हव्या त्या नंबरची पावडर तिथे मिळाली. सिरॅमिकचे तुकडे काकांनी जुन्या ओळखीतून मिळवले, शेंगदाण्याएवढे, पिशवीभर.

आता फंडा नीट ऐका. दगड दोन भाग, सिरॅमिक एक भाग. दोन्ही मिळून डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरला पाहिजे. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली. हे तुकडे तीन कामं करतात. डबा भरतात, त्यामुळे दगड पडत नाही, घरंगळतो. दोन दगडांच्या मधे गादीसारखे बसतात. आणि दगडाच्या खोबणीत, जिथे दुसरा दगड पोचत नाही, तिथे पावडर घेऊन जातात. पहिल्या पायरीत दगड झिजून लहान होतात, डबा पुन्हा रिकामा वाटायला लागतो. तेव्हा आणखी सिरॅमिक टाकायचं.

प्लास्टिकचे दाणेही मिळतात. ते जास्त मऊ, शेवटच्या पायऱ्यांना छान. पण हलके असल्याने तरंगतात आणि पावडरचे कण त्यांच्यात रुतून बसतात. पहिल्या पायरीचा एक भरड कण जरी पॉलिशच्या डब्यात गेला तरी महिन्याच्या मेहनतीवर ओरखडे! म्हणून प्लास्टिकची प्रत्येक पायरीसाठी वेगळी पिशवी ठेवायची. सिरॅमिक मात्र ब्रशने घासून स्वच्छ धुतलं की पुढे चालतं.

आणखी एक. मीडिया भरल्यावर आवाज निम्म्यावर आला. काका खूश!

साखर घालू का?

या छंदातल्या लोकांचे घरगुती मसालेही असतात. त्यातला फेमस म्हणजे साखर. पाणी घट्ट झालं की पावडर दगडाला चिकटून राहते आणि ठोकर हळू बसते. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, इतकी ठिसूळ असते की तिला असा पाक उपयोगी पडतो. एका मैत्रिणीने तिचे थोडे तुकडे दिले होते. मी भर एप्रिलमध्ये चार चमचे साखर घातली आणि दोन दिवसांसाठी मुंबईला गेले. आले तर झाकण फुगून टम्म! साखरपाणी उबेला इडलीच्या पिठासारखं आंबलं होतं. झाकण काढलं तशी राखाडी पिचकारी थेट पडद्यावर. मुंग्या आल्या त्या वेगळ्याच.

तेव्हापासून साखर घातली की रोज एकदा झाकण उघडून वायू बाहेर सोडते. काही जण आंबटपणा वाढू नये म्हणून सुरुवातीलाच चिमूटभर खायचा सोडा टाकतात. अकिकाला मात्र साखरेची गरज पडत नाही, मीडिया पुरतो.

साबण मात्र मी कधीच चुकवत नाही. पॉलिश झालं तरी दगडावर एक धूसर साय राहते. मग डब्यात कोमट पाणी, किसलेला साधा साबण किंवा थोडा टाकणखार आणि स्वच्छ मीडिया घालून तासभर फिरवायचं. फेस गादीचं काम करतो आणि साय निघून जाते.

करून बघायचंय?

● पायऱ्या चार: ६०/९० नंबरची भरड पावडर, मग १५०/२२०, मग ५००, शेवटी पॉलिश. प्रत्येकी साधारण एक आठवडा. पहिली पायरी कधीकधी दोन-तीनदा करावी लागते. घाई नको.

● एका डब्यात एकाच कठीणपणाचे दगड.

● पायरी बदलताना दगड, डबा, झाकण सगळं खळखळून धुवा.

● गाळ बेसिनमध्ये ओतू नका. पाइपमध्ये तो सिमेंटसारखा घट्ट बसतो. बादलीत निवळू द्या आणि खालचा गाळ कचऱ्यात टाका.

● दगड कोरडा फोडू नका, कोरडा घासू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

शेवटचा मुद्दा गंमत नाही. गुजरातमध्ये खंभातला अकिकाचे मणी घडवण्याची परंपरा हडप्पा काळाशी जोडली जाते. जुन्या पद्धतीत मणी, पावडर आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसं ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोळवत बसायची. म्हणजे मऊ गादीची कल्पना आपल्याकडे जुनीच! पण त्याच खंभातमध्ये मणी कोरडे घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. आमच्या डब्यात सगळं ओलं असतं, म्हणून आपण सुखात. तेवढं लक्षात ठेवा.

विसावा दगड

दुसरी बॅच विकत आणलेल्या अकिकांची केली. पाच आठवडे लागले, पण एकाही दगडावर चंद्रकोर नाही. आजीने ते ताटात पसरून पाहिले. मग म्हणाली, "त्या बारांचं काय झालं ते मला माहितीये. टॉवेल शोधताना दिसले." मी गप्प. ती उठली आणि शिवणाच्या डब्यातला मधाच्या रंगाचा दगड आणून माझ्या हातावर ठेवला. "हा घाल. आता येतंय ना तुला?"

तो महिना मी रोज डबा कानाशी धरून ऐकत होते. खडखड ऐकू आली की आणखी सिरॅमिक घालायचे. शेवटी दगड बाहेर आला तेव्हा आत हिरव्या शेवाळासारख्या रेषा दिसत होत्या. इतकी वर्षं त्या कुणालाच दिसल्या नव्हत्या. काका सुद्धा बघायला वर आले.

आजीने तो खिडकीशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिला. मग सवयीने मुठीत धरून अंगठा फिरवला.

"सुंदर झालाय गं," ती म्हणाली. "पण इथे एक कोपरा होता, बोटाला लागायचा. आता हातातून निसटतो."

डब्यातले उरलेले सात दगड मी तसेच ठेवलेत. मशीन आजही फिरतंय, पण त्यात आता फक्त विकतचे दगड!