‘त्या अमुक यांच्या मातोश्री होत’

सकाळी पेपर हातात आला की तुम्ही आधी काय वाचता? आमच्या कोल्हापुरात चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणी आधी निधनवार्ता वाचतात, राशिभविष्य नंतर. कोण गेलं, कुठल्या पेठेतलं, रक्षाविसर्जन किती वाजता, हे कळलं की मग दिवसाची कामं ठरवायची. गावाशी नातं सांभाळायची ही एक रीतच आहे.

पण रोज वाचताना एक गोष्ट खुपते. पुरुष गेला की लिहिलेलं असतं, ते निवृत्त मुख्याध्यापक होते, तालमीचे जुने मल्ल होते, सोसायटीचे चेअरमन होते. बाई गेली की ‘त्या अमुक यांच्या मातोश्री होत’ नाहीतर ‘तमुक यांच्या पत्नी होत.’ पुढे मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं ती जगली, राबली, पण तिनं स्वतः काय केलं याचा एक शब्द नाही. नावाआधी ‘सौ.’ की ‘गं. भा.’ हे मात्र न चुकता असतं. म्हणजे तिच्या मरणाच्या बातमीतही आधी कळतं ते नवरा हयात आहे की नाही! आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. इतर गावांनीही तसंच करावं म्हणून त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. छापलेल्या ओळींत मात्र ती दोन अक्षरं अजून भेटतात.

कोल्हापूरला आठवण ठेवता येत नाही असं कोण म्हणेल? ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता सगळं शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. ती आठवण महाराजांच्या कामाची होती. पंचगंगेच्या स्मशानभूमीतही भेदभाव नाही. महापालिका तिथं अंत्यसंस्कार मोफत करते, शेणींवर. होळीच्या दिवसांत मंडळं शेणी दान करतात. गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, सगळ्यांना सारख्याच शेणी. आणि त्या थापणारे हात बहुतेक बायकांचेच! चिता सारखी असते, बातमी तेवढी सारखी नसते.

नामवंत बायकांनाही हे चुकलेलं नाही. ४ जून २०२३ ला सुलोचनादीदी गेल्या. त्या कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडलेल्या. ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘मोलकरीण’ अशा चित्रपटांचा भार त्यांनी स्वतःच्या खांद्यावर पेलला. बातम्यांनी मात्र बहुतेक ठिकाणी निरोप दिला तो पडद्यावरच्या प्रेमळ आईला. तिकडे अमेरिकेतही तेच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ १८५१ पासून मृत्युलेख छापतं. त्यातले बहुतेक लेख गोऱ्या पुरुषांवरचेच होते, हे त्यांनी ८ मार्च २०१८ ला, महिला दिनी, स्वतःच कबूल केलं आणि राहून गेलेल्या बायकांवर नव्यानं लिहायला घेतलं. पहिल्या पंधरा जणींत आपली मधुबाला होती, १९६९ मध्ये गेलेली!

आता घरचंच सांगते. आमच्या ह्यांच्या मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मामांच्या माघारी त्यांनी छत्तीस वर्षं खानावळ चालवली. कॉलेजची पोरं, एसटीचे कंडक्टर, बदलीवर आलेले कारकून जेवायला यायचे. रविवारी तांबडा-पांढरा, एरवी आमटी-भाकरी. पैसे नसले तर ‘पुढच्या महिन्यात दे, आधी जेव.’ पेपरला द्यायचा मजकूर घरच्यांनी नेहमीच्या साच्यातला लिहिला. मी म्हटलं, ‘खानावळीचं लिहा की.’ थोरले दीर म्हणाले, ‘त्यात काय लिहायचं? पोटासाठी केलं त्यांनी.’ मी हट्ट सोडला नाही. शेवटी एक ओळ वाढली.

रक्षाविसर्जनाला तीन अनोळखी माणसं आली. एक तर पहाटेची एसटी धरून गडहिंग्लजहून आले होते. म्हणाले, ‘मामींचं नाव आम्हाला कुठं माहीत होतं? नुसतं नाव असतं तर पान उलटलं असतं. खानावळ वाचलं आणि थांबलो. माझे दोन महिन्यांचे पैसे राहिलेत, १९८९ सालचे.’ मामींचा मुलगा नुसता ऐकत राहिला. आईनं कुणाकुणाला सांभाळून घेतलं होतं, हे त्याला घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगते, घरात अशी वेळ आली आणि मजकूर लिहायला कुणी बसलं, तर शेजारी जाऊन बसा. एका ओळीचा आग्रह धरा. चाळीस वर्षं डेअरीला दूध घातलं. चपलांच्या वेण्या विणल्या. शिवणकाम करून तीन मुलं शिकवली. अंगणवाडी सांभाळली. पदवी, पुरस्कार नसला म्हणून काय झालं? ‘मातोश्री होत’ हेही असू द्या, ते खोटं थोडंच आहे? पण ते एकटंच नको.

आणि हे विचारायला मरणाची वाट कशाला बघायची? आई आहे, सासूबाई आहेत, शेजारच्या आजी आहेत. दुपारी निवांत बसून विचारा. माहेरचं नाव काय, शाळा कितवीपर्यंत, पहिली कमाई कशाची. एका वहीत लिहून ठेवा. माझी वही सुरू झाली आहे. आईची पहिली कमाई शेंगा फोडून मिळालेल्या बारा आण्यांची. तिला सत्त्याहत्तर वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.