विश्लेषण : नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कशासाठी घेतात?

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी येतात. बाळाचे वजन चांगले असते, सारे काही ठीक वाटते. आठ-दहा दिवसांनी मात्र बाळ दूध ओढेनासे होते, वारंवार उलट्या करते, मलूल पडते. जंतुसंसर्ग झाला असावा, असा समज होतो. काही बाळांमध्ये खरे कारण वेगळेच असते : शरीरात तयार न होणारी स्टिरॉइड संप्रेरके. वेळीच निदान झाले नाही तर हा आजार जिवावर बेततो.

हा आजार नेमका काय?

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करतात. कॉर्टिसॉल शरीराला ताण सोसण्याचे बळ देते, तर अल्डोस्टेरॉन मीठ-पाण्याचे संतुलन राखते. ‘कन्जेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया’ अर्थात सीएएच या आनुवंशिक आजारात ती तयार करणारे एक विकर जन्मतःच कमी असते. परिणामी ‘१७-ओएचपी’ हा कच्चा माल रक्तात साचतो आणि त्यातून पुरुषी संप्रेरके जास्त बनतात.

मुलग्यांना धोका अधिक का?

मुलींच्या बाह्य जननेंद्रियांत जन्मतःच बदल दिसू शकतो, त्यामुळे डॉक्टर सावध होतात. मुलगे मात्र सर्वसाधारण दिसतात. शरीरातील सोडियम घटून पोटॅशियम वाढते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळ अत्यवस्थ होऊ शकते.

चाचणी कधी आणि कशी होते?

जन्मानंतर साधारण ४८ ते ७२ तासांदरम्यान टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब गाळण कागदावर घेतात. वाळलेल्या ठिपक्यातून १७-ओएचपीची पातळी मोजली जाते. पहिल्या २४ तासांत ही पातळी निरोगी बाळातही जास्त असते, म्हणून घाई टाळतात.

पातळी जास्त आली म्हणजे आजार आहेच का?

नाही. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा आजारी बाळांमध्ये ती आजार नसतानाही वाढलेली दिसते. त्यामुळे गर्भाचे आठवडे आणि वजन पाहून निकष ठरवतात. अहवाल संशयास्पद आल्यास पुन्हा रक्त तपासणी, सोडियम-पोटॅशियमची मोजणी आणि गरजेनुसार जनुकीय चाचणी केली जाते. हा अहवाल म्हणजे इशारा, अंतिम निदान नव्हे. पण फेरतपासणी लांबवणेही धोक्याचे.

भारतात प्रमाण किती?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली. त्यात सुमारे ५,७६२ बाळांमागे एकाला सीएएच आढळला. जागतिक प्रमाण साधारण १५ हजारांमागे एक मानले जाते. केरळमध्ये सरकारी रुग्णालयांतील नवजात तपासणीत सीएएचचा समावेश आहे. देशात सर्वत्र मात्र ही चाचणी सक्तीची नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी पालकांनाच विचारणा करावी लागते.

उपचार आहेत का?

आहेत. हायड्रोकॉर्टिसोन, गरजेनुसार फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्ह्या बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने मीठ दिले जाते. औषधे आयुष्यभर चालतात. ताप किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा वाढवावी लागते, ती अचानक बंद करणे घातक ठरते. नियमित उपचार घेणारी मुले शाळा, खेळ, नोकरी सारे काही करू शकतात. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के धोका असतो. म्हणून पुढील अपत्याआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे.